सुशीची कुळकथा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. गेली तीस वर्षे मी तेच करीत आलो आहे. पण चैत्राच्या संध्याकाळी घरची कामे आटोपून तुम्ही इतक्या लांबून यावे आणि मी तुम्हांला कलमे व पोटकलमे वाचून दाखवावीत, हे मनाला पटेना. म्हणून विषय घेतला तो जेवणाचा, आणि तोही जपानी जेवणाचा. साशिमी आणि सुशी हे दोन शब्द आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही ऐकू येतात. विषय कळवल्यावर चालकांपैकी एकाने विचारले, "तुमचा आणि सुशीचा संबंध काय?" संबंध आहे. तो आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल.

१९९५ च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराजवळ कोळंबी सोलणाऱ्या बायकांची संघटना बांधण्याच्या खटपटीत मी होतो. पत्र्याची लांबलचक शेड होती. पहाटे तीनला काम सुरू व्हायचे. बर्फात घातलेली कोळंबी घमेल्यांतून पुढ्यात यायची. डोके मोडायचे, साल काढायची, पाठीतला काळा धागा ओढायचा आणि सोललेला माल पुन्हा बर्फात टाकायचा. मजुरी किलोमागे. दोन तासांत बोटे बधिर होत आणि मग कोळंबीच्या नाकाडाचा काटा घुसला तरी कळत नसे. कळे तो दुपारी, हात गरम झाल्यावर. आमच्या मागण्या तीनच होत्या : दर वाढवा, हातमोजे द्या, आणि हात शेकायला ऊन पाण्याची एक बादली ठेवा. माल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरला जाई त्यांवर परकी, चौकोनी अक्षरे छापलेली असत. एका वयस्क बाईने मला विचारले, "दादा, हे कुठं जातं?" मी म्हणालो, "जपानला." त्यावर ती म्हणाली, "ती माणसं कच्चंच खातात म्हणे. मग आम्ही एवढं कशाला सोलतो?"

मला उत्तर देता आले नाही. आणि सभेत कामगाराने विचारलेला प्रश्न अनुत्तरित ठेवणे आमच्या धंद्यात बसत नाही. मी दहावी नापास माणूस. पण सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व होते आणि शब्दकोश होता. तेव्हापासून हाती लागेल ते वाचत आलो. आज जे सांगणार आहे ते त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा. जरा लांबले आहे, एवढेच.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. कच्च्या माशाच्या पातळ कापांना म्हणतात साशिमी. सुशी हा मुळात भाताचा प्रकार आहे. तो शब्दच 'आंबट' या अर्थाच्या जपानी विशेषणापासून आला आहे. आणि आरंभी तर तो भातही खाण्यासाठी नव्हता.

दक्षिण चीन आणि मेकाँग नदीचा प्रदेश येथे भातशेती आणि गोड्या पाण्यातली मासेमारी एकाच पाण्यावर चालते. पाऊस आला की मासा उदंड, आणि पाणी ओसरले की मिळेनासा. तेव्हा मासा टिकवावा कसा? मीठ लावावे आणि शिजवलेल्या भातात दाबून ठेवावा. भात आंबतो, त्याच्या आंबटपणात मासा नासत नाही. अभ्यासकांचे मत असे की सुशीचे मूळ येथे आहे. भातशेतीच्या वाटेने ती जपानात पोचली. ७१८ साली तयार झालेल्या योरो संहितेत सरकारात कर म्हणून भरावयाच्या जिनसांत सुशीचा उल्लेख येतो. ९२७ साली पुऱ्या झालेल्या 'एन्गिशिकी' या राजदरबारच्या नियमग्रंथात कोणत्या प्रांताने कोणती सुशी पाठवायची याच्या याद्या आहेत. म्हणजे हा पदार्थ इतिहासात प्रथम दिसतो तो कोणाच्या ताटात नव्हे, तर वसुलीच्या कागदात. कोळ्याने मासा धरायचा, शेतकऱ्याने भात द्यायचा, आणि पिंपे बैलांच्या किंवा माणसांच्या पाठीवरून राजधानीला जायची.

त्या जुन्या सुशीचा एक वंशज अजून जिवंत आहे. क्योतोजवळ बिवा नावाचे मोठे सरोवर आहे. तेथे वसंतात गाभोळीने भरलेला 'फुना' जातीचा मासा धरतात, काही महिने मिठात ठेवतात, मग उन्हाळ्यात भाताच्या थरांत रचून वर दगड ठेवतात आणि वर्ष उलटेपर्यंत, कधी त्याहून जास्त काळ, हात लावीत नाहीत. पिंप उघडल्यावर भाताचा लगदा झालेला असतो. तो निपटून टाकतात आणि मासा कापून खातात. याला फुनाझुशी म्हणतात. वर्णने वाचून वाटते, सुकट-बोंबलाच्या वासात वाढलेल्या माणसालाही पहिला घास जड जाईल.

पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांत लोक वर्षभर थांबेनासे झाले. दोनचार आठवड्यांत पिंप उघडून मासा आणि अर्धवट आंबलेला भात दोन्ही खाऊ लागले. याचे कारण मला तरी सरळ दिसते. भात फेकून देणे ज्याला परवडते तोच फेकतो.

आता साशिमीकडे वळू. जपानात माशाला एवढे महत्त्व का आले, याच्या उत्तरात आपल्या देशाचा थोडा वाटा आहे. बौद्ध धर्म भारतातून चीन व कोरियामार्गे जपानात गेला, आणि ६७५ साली सम्राट तेम्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास मनाई करणारी आज्ञा काढली. ती वर्षाच्या चौथ्या ते नवव्या महिन्यापुरती होती, म्हणजे शेतीच्या हंगामापुरती. तेव्हा धर्माबरोबरच नांगराच्या बैलाचाही विचार तिच्यात असावा. अशा आज्ञा पुढेही निघत राहिल्या. त्या सगळ्यांनी पाळल्या असे नव्हे. डोंगरातले शिकारी आपले खातच होते. परंतु प्रतिष्ठित पंगतीतून चतुष्पादांचे मांस उठले, आणि ती जागा माशाने घेतली. १८७२ साली सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले तोवर, म्हणजे जवळजवळ बाराशे वर्षे, थोरामोठ्यांच्या ताटातली मानाची वस्तू मासा हीच होती.

माशाला मान आला तसा सुरीलाही आला. दरबारात 'होचो-शिकी' नावाचा एक विधी होता, आणि परंपरा म्हणून तो आजही करून दाखवतात. आचारी दरबारी पोशाखात पाटासमोर बसतो. एका हातात लांब सुरी, दुसऱ्यात लोखंडी काड्या. माशाला बोटही न लावता तो त्याचे तुकडे करतो आणि शुभ आकृतीत मांडतो. जपानी भाषेत प्रतिष्ठित पाककलेला 'काप्पो' म्हणतात. त्या शब्दात 'कापणे' आधी येते आणि 'शिजवणे' नंतर. साशिमीचे सारे रहस्य या पहिल्या शब्दात आहे. तिची सुरी एकाच बाजूने धार लावलेली, लांब आणि अरुंद असते. ती वर-खाली दाबायची नाही, एका ओढीत आपल्याकडे आणायची. म्हणजे काप गुळगुळीत उतरतो. ओसाकाजवळच्या साकाई गावचे लोहार अशा सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पूर्वजांचे नाव तंबाखू कापण्याच्या सुऱ्यांनी झाले होते.

साशिमी या शब्दाचा अर्थ 'टोचलेले मांस' असा. कापल्यावर मासा कोणता ते ओळखू यावे म्हणून त्याचे पर कापांत खोचून ठेवीत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. 'कापणे' हा शब्द सामुराईंच्या घरात अशुभ, म्हणून तो टाळला, असेही सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

पण मला ज्या गोष्टीचे खरे कुतूहल आहे ती दरबारात घडली नाही. ती घडली एदो शहरात, रस्त्यावर.

एदो म्हणजे आजचे तोक्यो. १६०३ साली तोकुगावा शोगुनांनी तेथे राजसत्ता बसवली आणि शंभर-सव्वाशे वर्षांत ते दहा लाखांच्या वस्तीचे, जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक शहर झाले. सरदारांनी एकाआड एक वर्ष शोगुनाच्या नजरेखाली राहायचे असा नियम होता. त्यांच्याबरोबर हजारो शिपाई बायकामुले गावी ठेवून येत. शहर लाकडाचे, म्हणून आगी वारंवार. १६५७ च्या आगीत बहुतेक शहर जळाले. प्रत्येक आगीनंतर सुतार, गिलावा करणारे, ओझेवाले यांना काम मिळे आणि खेड्यांतून आणखी माणसे येत. १७२१ च्या शिरगणतीत सामुराई सोडून बाकीच्या शहरवासीयांची नोंद पाच लाखांवर झाली. त्यांत पुरुष सव्वातीन लाखांच्या आसपास आणि बायका पावणेदोन लाखांहून थोड्या अधिक. गिरणगावच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपणारे पुरुष ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. दहा-बारा फुटी खोली, चूल पेटवायची तर आगीची धास्ती, आणि रांधणारे कोणी नाही. असा माणूस जेवतो कुठे? रस्त्यावर.

एदोच्या रस्त्यांवर शेवया, तळलेले मासे, भाजलेली वाम यांच्या गाड्या होत्या. त्यांत सुशीची भर पडली. यासाठी एक गोष्ट आवश्यक होती : आंबट भात वाट न पाहता मिळायला हवा होता. भातात शिरका घालून ती वाट वाचवण्याची युक्ती आधीच निघाली होती. परंतु तांदळाचा शिरका महाग पडे. १८०४ साली नागोयाजवळच्या हांदा गावात नाकानो माताझाएमोन नावाच्या साके गाळणाऱ्याने, साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून शिरका करण्याचा धंदा सुरू केला. तो रंगाने तांबूस, चवीला जरा गोडसर आणि किमतीने हलका. त्याची पिंपे गलबतांतून एदोला जाऊ लागली. ज्याला आज जग नाजूक कलाकृती म्हणते तिच्या पायाशी असा हा चोथा आहे.

मग १८२० च्या दशकात र्योगोकु भागात हानाया योहेई याने हातावर भाताचा मुटका वळून त्यावर माशाचा तुकडा बसवून विकायला सुरुवात केली. पहिला तोच होता की त्याच्याआधी आणखी कोणी, यावर वाद आहे. कीर्ती मात्र योहेईची झाली. या प्रकाराला 'निगिरी' म्हणतात, म्हणजे मुठीत दाबलेली. ओसाकाकडे सुशी लाकडी साच्यात दाबून, वड्या पाडून विकीत. तिला काही तास लागत. योहेईच्या सुशीला लागतो तेवढाच वेळ, जेवढा गिऱ्हाईक खिशातून नाणी काढायला घेते. दरबारी आचारी माशाला बोट लावीत नव्हता. येथे सारे काम बोटांचेच.

गाडीवर गिऱ्हाईक उभे आणि विकणारा बसलेला. मुटका आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा. दोन-तीन खाल्ले की कामाला परत. शोयु, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट काळा रस, सगळ्यांसाठी एकाच वाडग्यात. खाऊन झाले की जाताना गाडीच्या कापडी पडद्याला बोटे पुसायची. ज्याचा पडदा मळका त्याची सुशी चांगली, अशी पारख होती! आणि मासा बहुधा कच्चा नसेच. एदोच्या पुढ्यातल्या खाडीत मिळणारे लहान मासे मीठ लावून शिरक्यात मुरवलेले, वाम शिजवून, कोळंबी उकडून. बर्फ नव्हता, तेव्हा टिकवण्याचे हे उपाय होते. निव्वळ कच्चा मासा सुशीवर सर्रास आला तो बर्फाचे कारखाने निघाल्यावर. म्हणजे शेडमधल्या बाईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे : कोळंबी सुशीवर बहुधा उकडून बसते, आणि बरीचशी तर तळून खातात.

ट्यूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, त्या काळी हलका मासा समजला जाई. त्याचे पोटाकडचे चरबीचे मांस मांजरही ओलांडून जाईल, अशा अर्थाचे एक नावच त्याला होते. तो शोयुत बुडवून सुशीवर घालू लागले ते तो स्वस्त होता म्हणून. त्याच चरबीच्या तुकड्याचे पुढे काय झाले ते सांगणारच आहे.

सुशी श्रीमंतांच्या घरीही जाऊ लागली, रंगीत डब्यांतून, महागड्या किमतीला. तेव्हा १८४० च्या दशकाच्या आरंभी काटकसरीचे कायदे आले आणि महाग सुशी विकणाऱ्या अनेकांना हातकड्या पडल्या. गरिबांच्या गाड्यांना हा कायदा आड आला नाही. कायद्याने असा भेद केल्याचे उदाहरण मला दुसरीकडे फारसे आढळलेले नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता त्या शोयुच्या वाडग्याकडे वळतो. येथे मी माझ्या नेहमीच्या विषयावर घसरणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. एदोचा शोयु मुख्यतः नोदा आणि चोशी या दोन गावांतून नदीमार्गे येई. सोयाबीन वाफवायचे, गहू भाजून भरडायचा, त्यावर विशिष्ट बुरशी चढवायची, मिठाच्या पाण्यात घालून मोठ्या लाकडी पिंपांत वर्षभर ढवळत राहायचे, मग गाळायचे. हे काम करणारे मजूर मुकादमामार्फत भरले जात. १९१७ साली नोदाच्या मालक घराण्यांनी एकत्र येऊन कंपनी काढली. आज ती किक्कोमान या नावाने जगभर माहीत आहे. मजुरांनीही युनियन केली. १६ सप्टेंबर १९२७ रोजी त्यांचा संप सुरू झाला आणि २० एप्रिल १९२८ रोजी संपला. एकूण २१८ दिवस. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जपानातला हा सर्वांत लांबलेला संप. कंपनीने संपकऱ्यांना कामावरून काढले, बाहेरून माणसे आणली, मारामाऱ्या झाल्या. मार्चमध्ये युनियनच्या एका पुढाऱ्याने तोक्योच्या रस्त्यात थेट सम्राटाच्या हाती अर्ज देण्याचा प्रयत्न केला. त्या देशात, त्या काळात, हा केवढा अपराध! देशभर खळबळ उडाली आणि तडजोड झाली. पण काढलेल्यांपैकी शेकडो कामगार परत आत गेले नाहीत. ज्या एप्रिलमध्ये हा संप मिटला त्याच एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा महिने चालला. दोहोंची एकमेकांना खबर होती की नाही, कोण जाणे. जपानी पाककलेवरच्या देखण्या पुस्तकांत शोयुच्या रंगावर, वासावर, धारेवर पाने भरलेली असतात. त्या २१८ दिवसांवर एक ओळ सापडायला मला बरीच पुस्तके चाळावी लागली.

एदोची ही गाडीवरची सुशी साऱ्या जपानची कशी झाली? दोन आपत्तींमुळे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने आणि आगीने तोक्यो उद्ध्वस्त झाले. सुशीचे कारागीर आपापल्या गावी पांगले आणि कला बरोबर घेऊन गेले. दुसरी आपत्ती युद्धाची. पराभवानंतर अन्नाचा असा दुष्काळ पडला की जुलै १९४७ मध्ये सरकारने खानावळी बंद करण्याचा हुकूम काढला. तेव्हा तोक्योच्या सुशीवाल्यांच्या प्रतिनिधींनी सरकारपुढे मोठा नामी युक्तिवाद मांडला : आम्ही जेवण विकणारे नाहीच. गिऱ्हाईकाने आपल्या शिध्याचा तांदूळ आणावा, आम्ही त्याची फक्त सुशी वळून देऊ आणि वळणावळ घेऊ, जसा गिरणीवाला दळणावळ घेतो. सरकारने हे मान्य केले. एक 'गो' तांदूळ, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, आणि वर मजुरी दिली की दहा नग सुशी. इतर प्रांतांनी हीच पद्धत उचलली. मात्र परवानगी निगिरीला होती, म्हणून जेथे साच्यातली सुशी चालत होती तेथेही निगिरी रुजली. समुद्री मासा दुर्मीळ, तेव्हा शिंपले आणि नदीतले मासे चालवून घेतले. मी आजवर पुष्कळ वाटाघाटींना बसलो आहे. इतकी साधी आणि इतकी पक्की मांडणी क्वचित ऐकली. रस्त्यावरच्या गाड्या मात्र पुढे आरोग्याच्या नियमांखाली गेल्या आणि उभ्याने खाणारे गिऱ्हाईक खुर्चीवर बसले.

यानंतरची एक घटना जेवणाच्या इतिहासात सहसा घालीत नाहीत. १ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरात बिकिनी येथे अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी केली. याइझू बंदराची 'दाईगो फुकुर्यू मारू' ही ट्यूना पकडणारी बोट, ठरवून दिलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती. तिच्यावर पांढरी राख पडली. तेवीस खलाशी आजारी होऊन बंदरात परतले. त्यांचा मासा बाजारात गेला आणि मग किरणोत्सर्ग मोजण्याची यंत्रे कडकडू लागली. तोक्योच्या त्सुकिजी बाजारात तो मासा खड्ड्यात पुरला. त्यानंतर शेकडो बोटींचा मासा टाकून द्यावा लागला. ट्यूना घेईना कोणी, मासळीवाले आणि सुशीवाले हवालदिल झाले. बोटीवरचा बिनतारी यंत्र चालवणारा कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबरला मरण पावला. पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजीच लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली होती. तिकडे तोक्योच्या सुगिनामी भागातल्या मासळीविक्रेत्यांनी आणि गृहिणींनी सह्या गोळा करायला आरंभ केला. देशभर त्या तीन कोटींवर गेल्या, आणि ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमाला अण्वस्त्रविरोधी पहिली जागतिक परिषद भरली. रोजच्या ताटातल्या माशावरून सुरू झालेली ही चळवळ होती.

नंतरचे पुष्कळसे तुम्हांला ठाऊक असेल, म्हणून झपाट्याने सांगतो. ओसाकाच्या पूर्वेला लहान कारखान्यांच्या वस्तीत शिराइशी योशिआकी नावाचा माणूस कामगारांसाठी उभ्याने खाण्याचे स्वस्त सुशीचे दुकान चालवी. हाताखाली माणसे पुरेनात. बिअरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून त्याला कल्पना सुचली आणि १९५८ मध्ये त्याने फिरत्या पट्ट्यावर सुशीच्या बश्या ठेवल्या. शेवटी बश्या मोजून पैसे. पट्ट्यासमोर आठ तास उभा राहिलेला कामगार संध्याकाळी पुन्हा पट्ट्यासमोरच बसला; फरक इतकाच की या खेपेला पट्ट्यावरून त्याचे जेवण येत होते. १९८१ मध्ये मुटके वळणारे यंत्रही निघाले.

आणि तो चरबीचा तुकडा! जपानची विमाने कॅमेरे व यंत्रे घेऊन अमेरिकेला जात आणि परत येताना रिकामी. विमान कंपनीच्या माणसांनी परतीचा माल शोधायला घेतला. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर हौशी लोक गळाने प्रचंड ट्यूना पकडीत, फोटो काढीत आणि फेकून देत. तो बर्फात घालून विमानाने पाठवला आणि १४ ऑगस्ट १९७२ रोजी त्सुकिजीच्या लिलावात विकला गेला. गोमांसाची चव लागलेल्या नव्या पिढीला आता चरबी आवडू लागली होती. मांजराने ओलांडलेले मांस सगळ्यांत महाग झाले. बाजार २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसुला हलला. तेथे जानेवारी २०१९ च्या नववर्षाच्या लिलावात २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. किलोला बारा लाख येन. त्यात जाहिरातीचा भाग मोठा होता, हे मान्य. पण खोल समुद्रात तो मासा पकडून उणे साठ अंशांच्या कोठीत टाकणाऱ्या बोटींवर इंडोनेशियाचे आणि फिलिपाइन्सचे खलाशी महिनोन् महिने असतात. त्यांच्या पगाराचा लिलाव वर्तमानपत्रात येत नाही.

२०१३ मध्ये युनेस्कोने जपानी आहारपरंपरेला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. त्यात विशेष उल्लेख आहे तो नववर्षाच्या घरगुती जेवणाचा. घरगुती म्हटले की ते करणारी बाई आलीच. पण सुशीच्या दुकानात, पाटाच्या मागे, बाई दिसणे पिढ्यान् पिढ्या जवळजवळ अशक्य होते. कारण काय देत? बायकांचे हात गरम असतात; त्या उष्णतेने मासा बिघडतो. या म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही. २०१० मध्ये तोक्योच्या अकिहाबारा भागात केवळ स्त्रियांनी चालवलेले सुशीचे दुकान निघाले, आणि ते निघाले ही बातमी व्हावी, यातच सारे आले.

ही गरम हातांची गोष्ट मी वाचली तेव्हा ती शेड बंद होऊन काही वर्षे लोटली होती. आमची युनियन चार-साडेचार महिने टिकली. ठेकेदाराने एका रात्रीत बर्फाची यंत्रे उचलली आणि काम दुसऱ्या बंदराला नेले. निम्म्या बायका पाठोपाठ तिकडे गेल्या. एका लग्नात तीच वयस्क बाई भेटली. मी तिला म्हणालो, "मावशी, तुमचा प्रश्न मी विसरलो नाही," आणि कोपऱ्यात बसून आता तुम्हांला सांगितले त्यातले बरेचसे सांगितले. गरम हातांचे ऐकून ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मग तिने आपला हात माझ्या हातावर ठेवला. मे महिना होता, मांडवात उकडत होते, आणि तो हात गार होता.

तिन्ही मागण्यांपैकी नव्या शेडमध्ये एकच मिळाली, हातमोज्यांची. पण हातमोज्यातून पाठीतला धागा धरता येत नाही, म्हणून बायकांनी त्यांची टोके कात्रीने कापून टाकली होती.